साइट पुन्हा पुन्हा फिरवताय? आधी ॲरो रेस्ट तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) नीट झिरो केलेला, म्हणजे नेमाशी जुळवलेला होता, २० यार्डांवर बाण एकाला एक लागून बसत होते, आणि काही आठवड्यांतच सगळे बाण थोडे खाली किंवा थोडे बाजूला जायला लागले. साइट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) जराशी फिरवली की पुन्हा सगळं जागेवर. महिन्याभराने परत तेच. फील्ड पॉइंट (बाणाचं सरावाचं साधं टोक) लावून सराव करताना फरक इंच-दीड इंचाचा दिसतो, म्हणून चालवून घेतला जातो. पण ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार पात्यांचं टोक) लावलं की तेच बाण चार-सहा इंच भलतीकडे जातात. मग दोष ब्रॉडहेडवर येतो, बाणावर येतो, नाहीतर स्वतःच्या हातावर.

मी एक अख्खा हंगाम यात घालवला. साइट इतक्या वेळा फिरवली की तिच्या स्क्रूत ॲलन की गोल फिरायला लागली होती. शेवटी एका सोबत्याला बाजूला उभं केलं, धनुष्य पूर्ण ओढून धरलं आणि त्याला फक्त रेस्टकडे, म्हणजे बाण टेकवायच्या साधनाकडे, बघायला सांगितलं. त्याने लगेच सांगितलं, रेस्ट पूर्ण वर येतच नाहीये. लाँचर, म्हणजे बाण ज्यावर टेकतो तो काटा, आणि वरचा स्टॉप यांच्यात पोस्टकार्ड सरकेल एवढी फट राहत होती. धनुष्य खाली ठेवून केबल, म्हणजे टोकांच्या चाकांना जोडलेली जाड दोरी, पाहिली. रेस्टच्या दोरीचा क्लॅम्प जिथे होता, त्याच्या खाली केबलवर एक दाबलेली, मेणाने चकाकणारी पट्टी दिसत होती. ती क्लॅम्पची मूळ जागा. तिथून तो जेमतेम ३ मिलिमीटर वर सरकला होता. बाणाचं पुढचं टोक तेवढं खाली राहत होतं, बाण खाली लागत होते, आणि मी साइट त्यांच्यामागे नेत होतो.

मग मी दुसरी चूक केली, आणि ती सांगायलाच हवी, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. पुन्हा सरकू नये म्हणून दोरी चांगली ताणून बांधली. रेस्ट आता लवकर आणि ठामपणे वर यायची, फट नाही, मनाला बरं वाटलं. आठवड्याने बाण पुसताना लक्षात आलं की सहाच्या सहा बाणांवर खालच्या बाजूच्या एकाच पिसाला, एकाच जागी, नखाएवढी चुरगळ आहे. रेस्ट लवकर वर येत होती, म्हणून ती पडतही उशिरा होती, आणि पिसं तिच्यावर आपटून जात होती.

हे का होतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. केबलवर चालणाऱ्या ड्रॉप-अवे (बाण सुटताना खाली पडणाऱ्या) रेस्टची दोरी खाली जाणाऱ्या केबलला जोडलेली असते. स्ट्रिंग ओढली की केबल खाली जाते, दोरीला ओढते आणि लाँचर वर उभा राहतो. स्ट्रिंग सोडली की केबल परत वर येते, दोरी सैल होते आणि रेस्टमधली स्प्रिंग लाँचरला खाली पाडते. ड्रॉच्या, म्हणजे स्ट्रिंग ओढण्याच्या, ज्या टप्प्यावर लाँचर वर पोहोचतो, साधारण त्याच टप्प्यावर तो सुटताना खाली निघतो. शेवटच्या एक-दोन इंचांत वर आला तर लवकर पडेल. अर्ध्या ड्रॉलाच वर आला तर स्ट्रिंगने अर्धी वाट कापल्यावर पडायला लागेल.

आणि वेळ किती असतो? सेकंदाला २७० फूट वेगाचा बाण घ्या. स्ट्रिंगचा प्रवास २१ इंच धरा, सरासरी वेग साधारण निम्मा. हिशेब १२-१३ मिलिसेकंदांवर येतो. बाण स्ट्रिंगवरून सुटला की पिसं लगेचच रेस्टवरून जातात. त्याआधी लाँचर खाली पोहोचून तिथेच थांबलेला असला पाहिजे. ३ मिलिमीटर दोरी इकडे-तिकडे झाल्याने एवढा फरक पडतो तो यामुळे.

फील्ड पॉइंट असेल तर पिसं बाणाला लवकर सरळ करतात आणि ही चूक झाकली जाते. ब्रॉडहेडची स्थिर पाती मात्र बाणाच्या पुढे लावलेल्या पंखांसारखी वागतात. सुटताना बाण जरासा तिरका असला तरी ती त्याला त्याच दिशेने ओढतात. म्हणून ब्रॉडहेड खराब आहे असं म्हणण्याआधी ते काय दाखवतंय ते बघा. शिकार कायद्याने मान्य आहे तिथे, परवाना असतानाही, चार इंच चुकलेला बाण म्हणजे जखमी होऊन झाडीत निघून गेलेलं जनावर. या एका कारणासाठी मी या विषयावर इतकं बोलतो.

आता दोष शोधायचा क्रम. सुरुवात बाणांपासून करा, कारण ते सगळ्यात सोपं आहे. बाणांवर आकडे घाला आणि कुठला कुठे लागतो ते लिहून ठेवा. एकच बाण सतत बाहेर जात असेल तर त्याची नॉक (स्ट्रिंगवर बसणारी मागची खाच), त्याची पिसं, त्याची नळी बघा. कार्बनचा बाण हातात हलका वाकवून कान लावा, बारीक कडकड आवाज आला तर तो बाण मोडून टाका, पुन्हा कधी लावू नका. सगळेच बाण मिळून सरकले असतील तर दोष धनुष्याकडे आहे.

मग रेस्टचा सांगाडा बोटांनी धरून हलवा. जरासाही हलला तर बाकी काही बघायची गरज नाही, आधी तो घट्ट करा. बहुतेक रेस्ट रायझरवर (धनुष्याच्या मधल्या, पकडायच्या भागावर) एकाच बोल्टने बसते आणि शेकडो बाणांच्या हादऱ्याने ती त्या बोल्टभोवती किंचित फिरू शकते. फिरली तर डोळ्याला कळत नाही. उपाय अगदी साधा आहे: रेस्ट नीट बसवल्यावर पांढऱ्या किंवा चंदेरी मार्करने रेस्ट आणि रायझर दोन्हींवरून जाणारी एक सलग बारीक रेघ ओढा. दोरीचा क्लॅम्प आणि केबल यांच्यावरूनही तशीच. रेघ तुटलेली दिसली की काय सरकलं ते एका नजरेत कळतं. मी साइट फिरवण्याआधी या दोन रेघा बघतो. त्या सलग असतील तरच साइटला हात लावतो.

रेघा जुळत असूनही बाण भरकटत असतील तर पावडर घ्या. पायाला मारायची स्प्रे पावडर यासाठी उत्तम. पिसांवर, बाणाच्या मागच्या आठ-दहा इंचांवर, लाँचरवर आणि रायझरच्या शेल्फवर (पकडीच्या वरच्या सपाट कडेवर) पातळ थर मारा आणि एकच बाण सोडा. पिसाच्या पुढच्या कडेवरची पावडर पुसली गेली असेल तर रेस्ट उशिरा पडतेय. पिसाच्या मागच्या भागावर खूण असेल आणि रेस्ट वेळेवर पडताना दिसत असेल, तर ती खाली आपटून परत उसळतेय. या उसळण्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. त्याची ओळख म्हणजे बाण एकाच दिशेने न जाता कधी वर, कधी बाजूला असे विखुरतात. खालच्या स्टॉपवरचा रबर किंवा फेल्ट झिजलेला असतो. तो बदलला की बहुतेक वेळा उसळी थांबते. आणि पावडर कधी कधी रेस्टला निर्दोषही ठरवते: खूण केबलवर सापडते. तेव्हा फक्त नॉक थोडी फिरवून पिसांची दिशा बदलावी लागते.

मोबाइलचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्यायला हरकत नाही, पण त्यावर निकाल देऊ नका. सेकंदाला २४० फ्रेम म्हणजे एक फ्रेम ४ मिलिसेकंदांची. बाण स्ट्रिंगवर असतानाचे तीनच फोटो मिळतात. रेस्ट अजिबात पडत नसेल तर ते दिसेल. थोडी उशिरा पडते का, हे पावडरच सांगते.

वेळ जुळवताना दोघं असावेत. एकाने फील्ड पॉइंटचा बाण लावून, टार्गेटकडे तोंड करून, अगदी सावकाश ओढायचं. दुसऱ्याने बाजूने, कधीही समोरून नाही, लाँचर कधी वर पोहोचतो ते बघायचं. साध्या केबलवाल्या रेस्टमध्ये तो शेवटच्या एक ते दोन इंचांत पूर्ण उभा राहिला पाहिजे आणि फुल ड्रॉला स्टॉपला टेकलेला असला पाहिजे. उत्पादकाच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तो पाळा. बाण न लावता ओढून सोडणं कधीच नको. अशा एका ड्राय फायरने कॅम (टोकांची चाकं) आणि लिंब (धनुष्याचे वाकणारे हात) दोन्ही जाऊ शकतात. आणि बो प्रेसशिवाय (धनुष्य दाबून स्ट्रिंग-केबल सैल करणाऱ्या यंत्राशिवाय) केबलचे पीळ उघडायला जाऊ नका.

वेळ जुळली की क्लॅम्पवर समाधान मानू नका. स्ट्रिंग आणि केबल नव्या असतात तेव्हा पहिल्या शे-दोनशे बाणांत थोड्या लांबतात, मग सगळं परत जुळवावं लागतं, तोवर क्लॅम्प ठीक आहे. एकदा त्या स्थिरावल्या की दोरी केबलच्या पिळांमधून ओवून, वर-खाली सर्व्हिंगच्या (स्ट्रिंगवर गुंडाळायच्या) धाग्याने पक्की बांधून घ्या. ती सरकत नाही आणि केबल दाबून कुरतडतही नाही. माझा हंगाम वाया गेला तो हे न केल्यामुळे.

एक चूक इथे फार होते. बाण कागदातून मारल्यावर डावी-उजवी फाट दिसली की रेस्ट सरकवत नेली जाते, नेली जाते, आणि शेवटी ती रायझरपासून कुठल्या कुठे जाते. बहुतेक कंपाउंडमध्ये बाणाचा मध्य रायझरच्या आतल्या बाजूपासून १३/१६ इंचाच्या आसपास असतो, आणि उंचीला बाण बर्गर होलच्या (रायझरमधल्या रेस्ट बसवायच्या भोकाच्या) मध्यातून, स्ट्रिंगशी काटकोनात जातो. तिथून सुरुवात करा. १/१६ इंचापेक्षा जास्त सरकवूनही फाट जात नसेल तर दोष रेस्टचा नाही. कॅम तिरका असेल, बाणाचा स्पाइन (ताठपणा) चुकीचा असेल, किंवा पकडीत हात पिळला जात असेल. रेस्ट सरकवून ते दुखणं लपतं, जात नाही. ब्रॉडहेड जुळवतानाचा नियम मात्र सोपा आहे: ब्रॉडहेडला जिकडे न्यायचंय तिकडे रेस्ट सरकवा. ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या डावीकडे लागत असेल तर रेस्ट उजवीकडे, एका वेळी १/३२ इंच. त्या वेळी साइटला हात लावायचा नाही.

आता निवडीबद्दल. विश्वासाची रेस्ट कुठली, असं विचारलं की लोक अचूकतेची तुलना करायला बसतात. नीट जुळवलेली कुठलीही चांगली रेस्ट शिकारीच्या अंतरावर पुरेशी अचूक असते. मी वेगळा प्रश्न विचारतो: ही बिघडली तर काय होतं, आणि ते मला बाण सोडण्याआधी कळतं का?

केबलवाल्या साध्या ड्रॉप-अवेची दोरी तुटली तर लाँचर खालीच राहतो. बाण शेल्फवर आडवा पडतो, आणि जनावराकडे नजर लावून ओढत असाल तर ते लक्षातही येत नाही. असा बाण कुठे जाईल याचा भरवसा नाही. हा बिघाड मला सगळ्यात वाईट वाटतो. हाताने वर करून अडकवायच्या, बाणाला चारही बाजूंनी कोंडणाऱ्या केबलवाल्या रेस्ट यापेक्षा खूप बऱ्या. त्यात ओढताना बाण निसटत नाही, आणि न सोडता हळूच स्ट्रिंग परत नेली तरी बाण जागेवर राहतो. पण त्यात भाग जास्त, आणि रेस्ट वर करून ठेवायची आठवण आपल्यालाच ठेवावी लागते.

लिंबवर चालणाऱ्या रेस्टचं काम उलट आहे. स्प्रिंग लाँचरला वर ढकलते आणि लिंबला बांधलेली दोरी त्याला खाली ओढून धरते. ड्रॉ सुरू झाला की लिंब वाकतं, दोरी सैल होते, लाँचर लवकर वर येतो. सोडल्यावर लिंब सरळ होताना दोरी ताणली जाऊन त्याला खाली खेचते. बाणाला जास्त वेळ आधार मिळतो, त्यामुळे सोडताना हात जरासा हलला तरी ती जास्त सोसते. दोरी तुटली तर लाँचर वरच राहतो. पिसं घासतील, बाण थोडा भरकटेल, पण तो रेस्टवर असेल, आणि लोंबणारी दोरी डोळ्यासमोर दिसेल. शिवाय ही बसवायला केबल उघडावी लागत नाही. ड्रॉप-अवेच हवी असेल तर मी हीच घ्या म्हणतो. दोरी कायम ताणावर असते, म्हणून लिंबला बांधलेली गाठ आणि दोरी जिथे घासते ती जागा दर हंगामाआधी बघायची, आणि तंतू सुटलेले दिसले की लगेच बदलायची.

आणि व्हिस्कर बिस्किट. टार्गेटवाले लोक याला हलकं समजतात, मला ते पटत नाही. ब्रशच्या कड्यामधून बाण जातो, हलणारा एकही भाग नाही, म्हणजे वेळ चुकण्याचा प्रश्नच नाही. धनुष्य झाडीतून ओढत न्या, उलटं धरा, बाण पडत नाही. पिसं ब्रशमधून घासून जातात, त्यात थोडासा वेग जातो, आणि पिसं लवकर सुरकुततात. त्याचा बिघाडही सावकाश होतो: खालचे तंतू झिजतात, बाण केसाकेसाने खाली बसतो. बाण लावून बाजूने पाहिलं की वर चंद्रकोरीसारखी फट दिसते. ती दिसली की बिस्किट बदला. छोटी, ताठ प्लास्टिकची पिसं लावा. पक्ष्याची पिसं यात टिकत नाहीत. बाणाची जाडी बदलली तर बिस्किटही त्या व्यासाचं हवं, नाहीतर बाण भोकात खुळखुळतो. बर्फात आणि चिखलात मात्र तंतू गोठतात, चिकटतात. तिथे दर थोड्या वेळाने बोटाने मोकळे करावे लागतात. नवीन शिकणाऱ्याने आणि ३० यार्डांच्या आतच बाण मारणाऱ्याने हेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

उघड्या काट्याची स्थिर रेस्ट मैदानावर छान आहे. शिकारीला नको, धनुष्य जरा कललं की बाण घसरतो. रिकर्व्ह आणि लाँगबोवाल्यांनी (चाकं नसलेली धनुष्यं वापरणाऱ्यांनी) शेल्फवर चामडं किंवा केसाळ पट्टी लावून पक्ष्याची पिसं वापरावीत. ती शेल्फला लागली तरी दबून जातात. पट्टी झिजली की बाण खाली बसतो, एवढंच लक्षात ठेवायचं.

कुठलीही रेस्ट हातात घेतली की तीन गोष्टी बघा. ती बोल्टभोवती फिरू नये म्हणून दुसरा स्क्रू किंवा रायझरच्या पाठीमागे बसणारी खाचेची बैठक आहे का. उंची आणि बाजू यांचे लॉक वेगवेगळे आहेत का, कारण एकच स्क्रू दोन्ही सोडत असेल तर एक जुळवताना दुसरं बिघडतं. आणि मोजपट्टीच्या खुणा कोरलेल्या आहेत का. आपले आकडे वहीत लिहून ठेवले की रेस्ट काढली तरी परत तिथेच बसवता येते. डावखुऱ्यांनी आपल्या हाताचीच रेस्ट आहे ना हे डब्यावर वाचून घ्यावं.

बसवताना स्क्रूंना निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावा. लाल नको, तो तापवल्याशिवाय सहज उघडत नाही. लाँचरवर फेल्ट चिकटवा, उघड्या धातूवरून कार्बनचा बाण ओढताना किर्र आवाज येतो आणि शांत रानात तो जनावराला पुरतो. फेल्ट झिजला तर बाणाची उंची बदलते, म्हणून तो दर हंगामाला नवा. फिरणाऱ्या भागांना तेल किंवा ग्रीस लावू नका. धूळ चिकटते आणि थंडीत ते घट्ट होऊन रेस्टला मंद करतं. लागलंच तर कोरडं वंगण. गारठलेलं धनुष्य उबेत आणलं तर रेस्टवर दव धरतं आणि परत बाहेर नेल्यावर ते गोठू शकतं, त्यामुळे बाण लावण्याआधी रेस्ट हाताने दोनदा खाली-वर करून ती मोकळी आहे याची खात्री करा.

पिशवीत एक हात जादा दोरी, लायटर, दोन ॲलन की आणि मार्कर ठेवा. रानात दोरी बदलावी लागली तर गाठ बांधून तोडलेलं टोक लायटरने वितळवून घ्या, आणि एक फील्ड पॉइंटचा बाण मऊ मातीच्या उतारावर मारून बघा. तो जागेवर लागेपर्यंत ब्रॉडहेड भात्यातच राहू द्या.